ब्रोकन हिल, एक डबा आणि चाळीस किलोमीटरची चूक

तर हे प्रकरण जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, शाळेच्या सुट्टीतलं. आम्ही ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहतो, आणि ब्रोकन हिलला चार दिवस जिओकॅशिंगसाठी गेलो होतो, म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि बल्लारपूरहून आलेले माझे बाबा. बाबा कोळशाच्या खाणीतून मायनिंग सरदार म्हणून रिटायर झालेत. सरदार हा शब्द ऐकून इथल्या मित्रांना घोडा वगैरे आठवतो पण ती खाणीतली सरकारी परीक्षा देऊन मिळणारी पोस्ट आहे, आपल्या भागातलं छत, हवा, माणसं सगळं तपासून मगच कामाला परवानगी द्यायची ही त्याची जबाबदारी. हे आधीच सांगते कारण पुढे त्याचा संबंध येतो.

जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी एक डबा (त्याला कॅश म्हणतात) लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, बाकीचे जीपीएस घेऊन शोधतात, आतल्या कागदावर सही करतात, लहान मुलं एखादी वस्तू घेतात आणि तेवढ्याच किंमतीची दुसरी ठेवतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली, शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक एकदम काही मीटरवर आली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिला डबा लपवला गेला. परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही हा नियम आहे, त्यात खायचं ठेवायचं नाही हाही. (बाबांना लाडू ठेवायचा होता. मुंग्या येतील म्हटल्यावर म्हणाले, मग काय झालं, मुंग्यांचं पण पोट भरेल.) डब्यांची नावं आणि जागा इथे देत नाही, खाली जे आकडे आहेत तेही बदललेले आहेत, नाहीतर स्पॉयलर होईल.

ब्रोकन हिल ॲडलेडपासून पाचशे किलोमीटरच्या थोडं वर, सिडनीपासून अकराशेच्या वर. राज्य न्यू साऊथ वेल्स पण घड्याळ ॲडलेडचं, सिडनीच्या अर्धा तास मागे. १८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या कुंपण राखणाऱ्या माणसाला इथल्या टेकडीत कथील असेल असं वाटलं, निघालं शिसं, चांदी, जस्त. बीएचपी ही अवाढव्य कंपनी म्हणजे ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, १८८५ ची, तिचं नाव याच गावावरून, आणि ती १९३९ मध्ये इथून निघूनही गेली. सात किलोमीटरच्या वर लांब असा बूमरँगच्या आकाराचा खनिजाचा साठा गावाच्या मधोमध, आणि ज्या टेकडीवरून गावाला नाव मिळालं ती खणून खणून संपली, आता तिथे काळपट ढिगारे आहेत. बाबा गाडीतूनच म्हणाले, "हे तर आपले ओबीचे डंप." ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, आमच्याकडे कोळशावरची माती काढून रचतात ते. इथले ढिगारे तसे वेगळे, खनिज काढल्यानंतर उरलेला दगड-भुगा, पण हे मी सांगायला गेले नाही, त्यांना घर सापडल्यासारखं वाटत होतं.

पहिला दिवस गावातच. रस्त्यांची नावं आर्जेंट (म्हणजे चांदी), ऑक्साइड, सल्फाइड, क्लोराइड, ब्रोमाइड, म्हणजे मुलाचं अर्धं केमिस्ट्रीचं पुस्तक चालूनच होतं. छोटे डबे सहज मिळाले, चुंबकाचे, कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीएवढे. एक मात्र अर्थकॅश होतं, म्हणजे डबा नसतोच, तिथले दगड बघून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. धाकटी भडकली. डबाच नाही तर शोधायचं काय? तिचं म्हणणं मला आजही पटतं. बाबा मात्र तिथेच पाऊण तास रमले.

त्या ढिगाऱ्यांवर खाण कामगारांचं स्मारक आहे, २००१ चं, आठशेच्या वर नावं आहेत, आणि नावासमोर तो कसा गेला ते लिहिलंय. एका कॅशसाठी मुलाला फलकावरचे आकडे हवे होते, तो दोन मिनिटांत घेऊन मोकळा झाला. बाबा एकेक नाव वाचत होते. छत पडून, छत पडून, स्फोटात, शाफ्टमध्ये (खाणीच्या उभ्या विवरात) पडून. मी म्हटलं बाबा चला, थंडी आहे. ते म्हणाले, "तू हो पुढं, मी आलोच." आले ते बऱ्याच वेळाने.

आता दुसरा दिवस, म्हणजे मूळ प्रकरण.

सिल्व्हरटन हे पंचवीस किलोमीटरवरचं जवळजवळ रिकामं झालेलं गाव. १८८० च्या दशकात इथे चांदीसाठी माणसं धावली, मग ब्रोकन हिलला मोठा साठा मिळाल्यावर सगळी तिकडे पळाली, आता थोडीशी घरं, एक हॉटेल, एक स्मशान आणि भोवती लाल माळरान. मॅड मॅक्स २ इथेच चित्रित झाला म्हणून लोक येतात. मुलाने आदल्या रात्री मोटेलमध्ये एक डबा निवडला होता, साधा, झाकणाला क्लिप असलेला मोठा प्लास्टिकचा, म्हणजे धाकटीला वस्तू बदलता येणार, तिने एक भोवरा खिशात ठेवला होता. कॅशला दोन रेटिंग असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही १ ते ५. याचं पोचायचं रेटिंग होतं १.५, म्हणजे सपाट जमिनीवर थोडंसं चालणं. मुलाने हे सगळं वहीत लिहून ठेवलं, अक्षांश-रेखांशासकट, कारण नवऱ्याच्या फोनवर ऑफलाइन यादी डाउनलोड होत होती आणि त्याचा भरवसा नव्हता. बरोबरच होता तो, मोटेलच्या वायफायवर डाउनलोड मध्येच अडकलं आणि साहेब झोपून गेले. सकाळी कुणी बघितलं नाही.

सिल्व्हरटनला पोचायला आम्हाला तीन वाजले, जेवणं, धाकटीचं गाढवांबरोबरचं फोटोसेशन (तिथे गाढवं रस्त्यावर मोकळी फिरतात, गाडीच्या काचेत तोंड घालतात), असं करत करत. नेटवर्क गेलं. ॲप उघडलं तर पांढरा स्क्रीन. मग मुलाने वही काढली, आणि मी म्हटलं दे इकडे, माझ्या फोनवर या भागाचा नकाशा ऑफलाइन आहे, त्यात आकडे टाकते. मी अकाउंट्समध्ये आहे. दशांश चिन्हाबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही असा माझा समज होता.

वहीत होतं: दक्षिण ३१ ५२.४५०. मध्ये जागा. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे मध्ये जागा काय सोडतोस आणि टिंब भलतीकडे का देतोस, आणि टाकलं उणे ३१.५२४५०. रेखांशाचंही तसंच. नकाशाने निमूटपणे पिन टाकली आणि उत्तरेकडे जाणारा रस्ता दाखवला.

ज्याला चूक कळली नसेल त्याच्यासाठी. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटात असतात, म्हणजे ३१ अंश आणि ५२.४५० मिनिटं. नकाशाला मी दिले ते नुसते अंश. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून ५२.४५ भागिले ६० करायला हवं होतं, येतं ०.८७४, खरी जागा उणे ३१.८७४. फरक ०.३५ अंश, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तर झाले जवळजवळ ३९ किलोमीटर उत्तरेला, रेखांशाची चूक धरून चाळीस. तिसरी पद्धतही असते, अंश-मिनिटं-सेकंद, आणि त्यातली गडबड जास्त फसवी. याच आकड्यातले .४५० कुणी ४५ सेकंद समजला (खरे २७ सेकंद होतात) तर साडेपाचशे मीटरवर जाऊन झुडपं उचकत बसेल आणि डबा चोरीला गेला म्हणून लिहील. मी उणे चिन्ह विसरले असते तर पिन जपानच्या दक्षिणेला समुद्रात पडली असती आणि आम्ही हसून आकडे परत टाकले असते. चाळीस किलोमीटरची चूक ओळखू येत नाही, तिथेही तीच लाल माती आणि तीच झुडपं.

गाडी निघाली. डांबर संपलं, पन्हाळी पत्र्यासारखा खडखडणारा कच्चा रस्ता सुरू झाला. आमची गाडी साधी, फोर व्हील ड्राइव्ह नाही. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर मागून मुलगा म्हणाला, "आई, हे चुकीचं वाटतंय, काल ॲपवर गावाच्या जवळच दिसत होतं." मी म्हटलं नकाशा दाखवतोय ना. तो परत म्हणाला, "पण १.५ आहे ना." आणि मी म्हटलं, जरा एक मिनिट गप्प बस, बाबाला (म्हणजे माझ्या नवऱ्याला) गाडी चालवू दे. हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितेय. कारण पूर्ण प्रकरणात चूक शोधायला जे जे लागत होतं ते सगळं त्या मागच्या सीटवर होतं, अंतर, रेटिंग, वही, आणि मी त्याला गप्प केलं.

सोळा किलोमीटरवर एक गेट आलं. बंद. इकडचा नियम असा की गेट जसं मिळेल तसं ठेवायचं, बंद असेल तर उघडून जाऊन परत बंद करायचं, पण गेटच्या पलीकडे कुणाचं तरी स्टेशन असतं, म्हणजे हजारो एकरांचं मेंढ्यांचं रान, विचारल्याशिवाय आत जाणं बरं नाही. नवरा गेट उघडायला उतरला. चार वाजायला दहा कमी होते. पिन अजून तेवीस किलोमीटर पुढे.

तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. "थांबा न जावईबापू. कुठं जाऊन राहिलो आपण?"

मी फोन दाखवला. त्यांनी फोन बघितलाच नाही, नातवाकडे वळून विचारलं, "तू काय म्हणून राहिला होता रे मघाशी?" तो रुसला होता, काही नाही म्हणाला. "नाही, सांग न. पूर्ण सांग." मग त्याने सांगितलं, गावाच्या जवळ, सपाट, लहान मुलांना चालेल असं लिहिलंय. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "पोट्टं म्हणते जवळ आहे, तुझा फोन म्हणते तेवीस अजून. दोघातलं एक खोटं आहे. कोणतं ते मोटेलवर जाऊन पाहू. आमच्याकडे नवा पोरगा जरी म्हणाला का छत आवाज करून राहिलं, तर आधी सगळे बाहेर. खरं का खोटं ते बाहेर येऊन ठरवायचं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. वडिलांनी नवऱ्यासमोर आणि मुलासमोर चूक काढली की चाळिशीतही लागतं. मी म्हटलं अजून उजेड आहे. बाबांनी घड्याळ दाखवलं. जुलैत इथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य जातो, आणि संध्याकाळ म्हणजे कांगारूंची रस्त्यावर यायची वेळ, त्या वेळी हायवेवरसुद्धा लोक गाडी चालवायचं टाळतात. गाडीत पाणी दहा लिटर होतं, ते ठीक. पण नेटवर्क नाही, सॅटेलाइटचं काही उपकरण नाही, आणि आम्ही कुठे चाललोय हे मोटेलमध्ये कुणालाही सांगितलेलं नाही. एक टायर गेला असता तर स्टेपनी होती, दोन गेले असते तर गाडीतच रात्र काढायची, कारण अशा ठिकाणी गाडी सोडून चालत निघायचं नसतं, माणसापेक्षा गाडी विमानातून लवकर दिसते. रात्री तापमान पाच अंशांवर जातं. धाकटीच्या अंगात एक स्वेटर.

वळलो. कांगारू तीन दिसले, सगळे गावाच्या अलीकडे. गाडीत कुणी बोललं नाही, फक्त धाकटी भोवऱ्याशी बोलत होती.

मोटेलवर मुलाने ॲप उघडलं आणि दहा सेकंदांत सांगितलं, आई, तू मिनिटांना अंश केलंस. मग स्वतःच माझी बाजू घ्यायला लागला, म्हणे ऑस्ट्रेलिया खंड दर वर्षी सात सेंटीमीटर ईशान्येला सरकतो, म्हणून डबाच सरकला असेल. ते सरकणं खरं आहे, त्याच कारणाने १९९४ चे नकाशांचे आकडे २०२० च्या हिशोबात आणताना १.८ मीटरचा फरक पडला. आम्ही कॅल्क्युलेटरवर हिशोब केला, चाळीस किलोमीटर सरकायला साडेपाच लाखांच्या वर वर्षं लागतील. तेव्हा मी पहिल्यांदा हसले. आणि त्याला सॉरी म्हटलं, ते मात्र सगळे झोपल्यावर.

तिसऱ्या दिवशी नियम वेगळे केले. फार काही नाही. आकडे ज्याने लिहिले तोच टाकणार आणि दुसरा कुणीतरी पिन आणि वहीतलं अंतर जुळतंय का बघणार, जुळलं नाही तर गाडी हलणार नाही. परत फिरायची वेळ बाबा सकाळीच ठरवणार, आणि ती झाली की डबा समोर दिसत असला तरी वळायचं. मोटेलच्या काउंटरवर कुठे जातोय आणि कधी येणार ते सांगून जायचं, त्या बाईंनी ते इतक्या सहज लिहून घेतलं की कळलं, इथे हे सगळेच करतात. डांबर संपलं की विचारायचं, खरंच? नवऱ्याने यादी पूर्ण उतरलीय का ते विमान मोडमध्ये फोन टाकून बघितलं, हे खरं तर सगळ्यात सोपं होतं आणि पहिल्या रात्रीच करायला हवं होतं.

धाकटीचा एक वेगळा नियम झाला, त्याचं कारण शिसं. ब्रोकन हिलच्या मातीत आणि धुळीत शिसं आहे, थोडं मूळच्या खडकातून, बरंचसं शंभराहून जास्त वर्षांच्या खाणकामातून, आणि तिथल्या लहान मुलांच्या रक्तातल्या शिशावर १९९० च्या दशकापासून आरोग्य खातं लक्ष ठेवून आहे. धोका मुख्यतः तिथे राहणाऱ्या, रांगणाऱ्या, तोंडात हात घालणाऱ्या मुलांना. आम्ही चार दिवसांचे पाहुणे. पण जिओकॅशिंग म्हणजे दिवसभर दगडाखाली, खांबामागे, मातीत हात, आणि आमची मुलगी विचार करताना बोटं चोखते. पहिल्या दिवशी त्या ढिगाऱ्यांजवळ तिने हेच केलं होतं. तर खायच्या आधी ओल्या टिश्यूने नाही, साबणाने हात, गाडीत पाण्याचा वेगळा कॅन, आणि बूट खोलीबाहेर. बूट बाहेर हे तिला सांगावं लागलं नाही. बाबा म्हणाले तुझी आजी मला पॅन्ट-शर्टसकट अंगणात उभं करायची, शिफ्टवरून आलो का आधी आंघोळ, मग घर. धाकटीला आजोबा अंगणात उभे ही कल्पना इतकी आवडली की पुढे दोन दिवस तीच सगळ्यांना दाराबाहेर अडवत होती.

धुळीवरून आठवलं. गावाभोवती जो हिरवट पट्टा दिसतो तो आपोआप आलेला नाही. १९३० च्या दशकात धुळीची वादळं गावावर यायची, तेव्हा अल्बर्ट मॉरिस नावाच्या, खाणीतच नोकरी करणाऱ्या वनस्पतीवेड्या माणसाने सांगितलं की कुंपण घाला, गुरं-मेंढ्या-ससे बाहेर ठेवा, इथलीच झाडं परत येतील. १९३६ पासून कुंपणं घातली आणि खरंच आली. त्या पट्ट्यात एक डबा मिळाला, त्यात धाकटीला प्लास्टिकचा डायनोसोर मिळाला, भोवरा द्यायला मात्र तयार होईना, शेवटी नवऱ्याची चांगली कीचेन गेली.

सिल्व्हरटनच्या डब्याकडे तिसऱ्या दिवशी अकरा वाजता पोचलो. आदल्या दिवशी गाढवांजवळ जिथे गाडी लावली होती तिथून चालत दहा मिनिटं. भागात जुने शाफ्ट असू शकतात म्हणून पायवाट सोडायची नाही आणि धाकटीचा हात बाबांच्या हातात, एवढी अट. मुलगा पुढे, हातात फोन, दर थोड्या वेळाने मोठ्याने अंतर सांगत. शेवटच्या पाच मीटरमध्ये जीपीएस गोल गोल फिरवतो, तिथे फोन खिशात टाकायचा आणि डोळे वापरायचे. बाबांनी काठीने एका दगडाच्या रचनेवर टकटक केलं, खाणीत छत ठोकून आवाज ऐकायची सवय, आणि म्हणाले, "हे पोकळ आहे." डबा होता.

कागदावर सगळ्यांनी सही केली. बाबांनी नाव लिहिलं आणि खाली सवयीने पोस्ट, मायनिंग सरदार, आणि वेळ, अकरा दहा. शिफ्टच्या डायरीत लिहितात तशी.

परत जाताना ऊडला विरा नावाच्या ठिकाणी फळमाशीची तपासणी असते, साऊथ ऑस्ट्रेलियात ताजी फळं-भाज्या नेता येत नाहीत, आमची संत्री आम्ही आधीच संपवली होती पण बाबांच्या कोटाच्या खिशातून दोन लिंबं निघाली. गाडी लागते म्हणून वासाला ठेवली होती म्हणे. ती तिथेच गेली.

एक वाद अजून चालू आहे. डबा सापडला नाही तर ॲपवर डीएनएफ टाकतात, म्हणजे शोधला पण मिळाला नाही. मुलाचं म्हणणं दुसऱ्या दिवसाचा डीएनएफ टाकायलाच हवा, नाहीतर रेकॉर्ड खोटं होतं. नवरा म्हणतो आपण त्या डब्याच्या जवळपासही नव्हतो, सोळा किलोमीटरवरच्या गेटपाशी काही शोधलंच नाही, मग मिळाला नाही कसं म्हणणार, आणि उगाच मालकाला वाटेल डबा हरवला, बिचारा बघायला जाईल. मुलाने तडजोड काढली, सापडल्याच्या नोंदीतच आदल्या दिवशीची गोष्ट लिहायची. आकडे कुणी टाकले ते मात्र त्याला लिहायचंच आहे. मी म्हटलंय, लिही.